नेवरोळच्या पारावर हात का फिरतो

ज्या कुणी नेवरोळच्या पारावर ‘येथे पत्ते खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी ठोकली, त्याने हा पार संध्याकाळी एकदाही पाहिलेला नाही. गाडीतून न उतरता, झाडाखाली चार माणसं पत्ते पिसताना दिसली एवढ्यावर ज्याने अख्ख्या गावाला जुगारी ठरवलं, त्याने निदान दिवेलागणीपर्यंत थांबायला हवं होतं. पण निकाल द्यायची घाई असलेल्यांना थांबणं कधी जमलंय?

पाटी अजून आहे, आणि तिच्याखालीच डाव चालू असतात. ओवळीच्या जुन्या झाडाभोवती बांधलेला हा जांभ्या दगडाचा पार, त्याच्या मधोमध दिवा ठेवायचा एक कोनाडा, आणि खाली, पायऱ्या उतरून गेलं की, एक तळं. डोंगरातला झरा या तळ्यात पडतो आणि तिथून दोन पाट निघतात. एक वरच्या वाडीला, एक खालच्या. तळ्याला दिव्याचं तळं म्हणतात. पाहुणे विचारतात, तळ्यात दिवे सोडतात का? नाही. कधीच नाही.

पाहुण्यांना हे सगळं सांगायचं काम तातू गुरवांकडे असतं. या पारावर रोज दिवा लावायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. परवा आलेल्या पाहुण्यांपैकी हर्डीकर म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना गोष्टीपेक्षा डावात जास्त रस दिसला. शेवंती मेस्त्रीण आणि तिच्या दोन जावा रमी मांडून बसल्या होत्या, तिथे ते चौथे म्हणून बसले. तातू गुरवांनी हसून एवढंच म्हटलं, “बसा, बसा. पण वेळ बघून बसलास, तर बरां.”

कारण या पारावर पत्त्यांचा कुठलाही खेळ चालतो, पण तो दुसरीकडच्यासारखा संपत नाही. दिवा लागला की हात फिरतो. म्हणजे असं, की ज्याच्या हातात जे पत्ते असतील ते त्याने पालथे करून आपल्या उजवीकडच्या माणसाला द्यायचे, डावीकडून येतील ते उचलायचे आणि डाव तिथून पुढे खेळायचा. तक्रार नाही, अपवाद नाही.

आता बघा, याने एकेका खेळाचं काय होतं. मेंढीकोटात दोन-दोन जणांच्या जोड्या. जोडीदार समोर बसलेला, शेजारचे दोघे विरोधात. हात करायचे, दश्श्या पकडायच्या, चारही पकडल्या तर कोट. आणि ऐन रंगात दिवा लागला की तुमची जपून ठेवलेली दश्शी जाते ती थेट विरोधकाकडे. पाच-तीन-दोनमध्ये ज्याला पाच हात करायचे असतात तो दोनवाल्याचे दरिद्री पत्ते घेऊन बसतो. बदाम सातमध्ये तर गंमतच. तिथे हातातले पत्ते आधी संपवायचे असतात, आणि शहाणी माणसं एखादी अठ्ठी मुद्दाम दाबून दुसऱ्याची वाट अडवतात. इथे अडवणाऱ्याची धाकधूक वाढत जाते, कारण ज्याला अडवलं त्याचेच पत्ते उद्या नव्हे, आत्ता आपल्या हातात येणार असतात. रमी जुळवायचा खेळ. तुम्ही जुळवलेलं दुसरा उघडतो. चॅलेंज खोटं बोलायचा खेळ. हात फिरला की शेजाऱ्याला दिसतं तुम्ही किती खोटं बोललात ते. गुलामचोरात सगळे ज्याला टाळतात तो एकटा गुलाम आपणहून पुढे चालू लागतो. कुणी एकटाच पेशन्स लावून बसला असेल, तर त्यालाही उठवतात आणि त्याच्या जागी दुसऱ्याला बसवतात.

राहिली तीन पत्ती. ती इथे कुणी खेळत नाही. संध्याकाळी शेजाऱ्याकडे जाणाऱ्या हातावर पैसे कोण लावील? पाटी ठोकणाऱ्याने एवढा तरी विचार करायचा होता.

ही रीत पडली ती यातल्या कुठल्याच खेळामुळे नाही. ती पडली गंजिफामुळे, आणि साळू चितारणीमुळे, असं तातू गुरव पाहुण्यांना सांगू लागले.

त्या काळी तळं नव्हतं. झऱ्याचं पाणी पाराखालच्या खळग्यात येऊन दोन पाटांत वाटलं जायचं, आणि उरलेलं रात्रभर ओहोळातून खाली खाडीकडे जायचं. पाऊस भरपूर, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नसे. मग एक वर्ष असं आलं, म्हणे, की माघ सरता सरता झरा करंगळीएवढा झाला. दोन्ही वाड्यांत उन्हाळी भात, ज्याला इकडे वायंगण म्हणतात, ते पोटरीला आलेलं. पाणी एकाच वाडीचं पीक वाचवील एवढंच. रात्री लोक पाट फोडू लागले. सख्खे व्याही एकमेकांच्या बांधावर कोयते घेऊन उभे राहू लागले.

साळू खालच्या वाडीत राहायची. ती मूळची इथली नव्हे. तिचा बाप गंजिफाचे पत्ते रंगवणारा चितारी. कुठून तरी तिला पाठीवर घेऊन आला, आणि खालच्या वाडीने त्याला खोपटापुरती जागा दिली. बाप गेल्यावर ती एकटीच कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायची, वाळवायची, घोटायची, गोल कापायची आणि त्यांवर दहा अवतार काढायची. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, दर रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे साधे पत्ते. हात कमालीचा वळणदार, आणि स्वभाव? स्वभाव असा की पत्त्यांवरची लाख वाळेपर्यंत तिला बसवत नसे. चार पावलं अंगणात, चार पावलं घरात. वाडीतल्या बायका म्हणत, “साळू, तुझ्या पायांक कोणी चटको दिलोहा काय गे?”

भांडण देसायांकडे गेलं. देसाई म्हणजे त्या पंचक्रोशीचे मालक. निवाडा द्यायला ते पारावर आले ते गंजिफाची पेटी घेऊनच. त्यांना या खेळाचं वेड होतं. दोन्हीकडचं म्हणणं त्यांनी निम्मंअर्धं ऐकलं आणि हात वर केला.

“दोघांचांय खरां. मग मी पाप कित्याक घेऊ? डाव मांडूया. जो जिंकात त्याच्या वाडीक पाणी.”

गंजिफाला तीन माणसं लागतात. वरच्या वाडीतर्फे अंतोबा गावकर बसले. त्यांना खेळ येत होता. तिसरे स्वतः देसाई. “आणि मी जिंकलंय तर माझ्या पोफळीच्या बागेक,” असं ते बसता बसता म्हणाले. लोक हसले. मालक विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. खालच्या वाडीत मात्र गंजिफा येणारं कुणीच नव्हतं; होती ती पत्ते रंगवणारी साळू. बापाबरोबर लहानपणापासून खेळलेली.

बाईमाणूस पारावर बसणार म्हणून कुरकुर झाली. पण पीक पारापेक्षा मोठं होतं. तिला पुढे करताना खालच्या वाडीचा म्हातारा घाडी तिच्या कानाशी म्हणाला, “हरलंस तर आमी तुका काय बोलूचंव नाय. पण मगे हय रव, असांय सांगूचंव नाय.”

साळूला अर्थ कळला. खोपट, अंगण, बापाची समाधी, सगळं त्या एका वाक्यात होतं.

डाव सुरू व्हायच्या आधी दोन्ही पाटांची तोंडं चिखलाने बंद केली, म्हणजे खेळ चालू असताना कुणी चोरी करू नये. बंदोबस्ताला दोन्हीकडची माणसं पारावरच बसली. कुणाचं लक्ष झऱ्याकडे राहिलं नाही.

गंजिफाचा एक नियम इथे सांगायला हवा. त्यावाचून पुढचं कळायचं नाही. या खेळात सुरुवात ज्याच्या हाती, त्याचं पारडं जड. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने सुरुवात करायची. रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा असेल त्याने. दिवस रामाचा, रात्र कृष्णाची. आणि नेवरोळात दिवस संपला हे ठरायचं ते पारावरच्या दिव्यावरून.

सकाळचा पहिला डाव साळूने जिंकला. खालची वाडी उठून नाचायला लागली तर देसाई म्हणाले, “एक डावान काय होता? एक अजून.” दुसरा अंतोबांनी जिंकला. “झाली बरोबरी. अजून एक.” तिसरा, चौथा. साळू सारखी मांडी बदलत होती. पाय अवघडले म्हणून नव्हे, बसावं लागतंय म्हणून. प्रत्येक डाव संपला की वाटायचं झालं, आणि प्रत्येक वेळी देसायांच्या अंगठ्या घातलेल्या बोटांनी पत्ते पुन्हा ओढून घेतले जायचे. शेतात भात करपतंय, आणि हा माणूस खेळतोय! तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं कुणी? जिंकलेले डाव पुसले जात होते आणि हरलेलेही, आणि कुणी विचारत नव्हतं की हे किती वेळ चालणार.

ऊन कलल्यावर लोकच कुरकुरू लागले, तेव्हा देसायांनी जाहीर केलं. मागचं सगळं रद्द. हा शेवटचा डाव. हा ज्याचा, पाणी त्याचं.

देसायांनी पत्ते वाटले. साळूने आपले उचलून पंख्यासारखे उघडले. हात मधला होता. फार चांगला नाही, फार वाईट नाही. पण त्यात कृष्णाचा राजा होता. तिनेच रंगवलेला, निळ्या अंगरख्याची कड जरा जाड झालेली. आणि तिच्या उजवीकडे बसलेल्या अंतोबांनी त्याच क्षणी रामाचा राजा उताणा टाकायला हात पुढे केला.

“थांबा,” साळू म्हणाली. “रात्र झाली.”

“खंयची रात्र?” वरची वाडी उसळली. “वर बघ, ऊन असा अजून!”

“आमच्याकडे चुली पेटल्यो!” खालची वाडी.

दोन्ही खरं होतं. नेवरोळच्या पश्चिमेला डोंगर आहे. खालच्या वाडीवर त्याची सावली लवकर पडते, आणि वरच्या वाडीच्या माडांच्या शेंड्यांवर ऊन तेव्हाही असतं. एकाच गावात एकाच वेळी दिवसही होता आणि रात्रही. पार बरोबर दोन्हींच्या मध्ये, निम्मा उजेडात.

कोयते बाहेर आले. कुणी कुणाला ढकललं, कुणाची पगडी पडली. देसाई मागे रेलून बघत होते. गुरव दिवा घेऊन उभा होता, पण त्याचा हात पुढे होईना. लावला तर वरची वाडी मारणार, नाही लावला तर खालची.

आणि साळूला थांबणं जमलं नाही. ती उठली, गुरवाच्या हातातला दिवा हिसकावला, शेजारच्या शेगडीतल्या निखाऱ्यावर वात टेकवली आणि कोनाड्यात ठेवून दिला.

तिने रात्र केली होती. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फायद्याची.

“विझव तो!” वरच्या वाडीतला एक जण ओरडून पुढे झाला. गुरव आडवा आला. “देवाक लावलेलो दिवो कोण विझवूचो नाय! मारा माका, पण विझवूचो नाय.”

अंतोबा मात्र ओरडले नाहीत. त्यांनी रामाचा राजा परत आपल्या हातात खोचला, डोळे मिटले आणि म्हणाले, “खेळ साळू. रात्र झाली म्हणतंस, तर झाली.”

तिला बोलणी चालली असती. कोयता चालला असता. हे सहन झालं नाही, असं सांगतात. या म्हाताऱ्याच्या वाडीतही पोरं होती, तिथलंही भात पोटरीला आलं होतं, आणि ती ते सगळं एका ढकलाढकलीत गिळायला निघाली होती. बरं, आता माघार घेतली तर? मागे घाडी उभा होता. दिवा विझवता येत नव्हता, रात्र परत करता येत नव्हती. परत करता येण्यासारखं एकच तिच्या हातात होतं.

तिने सगळे पत्ते पालथे केले आणि अंतोबांच्या पुढ्यात ढकलले.

“रात्र मी केली. मगे रातीचो हात माझो नको. घेवा.”

तिच्या मागून कुणीतरी तिला शिवी दिली. घाडीच असावा. अंतोबांनी तिचे पत्ते उचलले. त्यांच्याकडे आता दोन हात झाले होते, आणि ते न्यायाचे मनुष्य. आपले आधीचे पत्ते त्यांनी तसेच पालथे करून आपल्या उजवीकडे सरकवले. तिथे देसाई होते.

“देसायांनू, आता तुमची पाळी. तुमचे साळूक देवा.”

देसायांचं हसू पहिल्यांदा उतरलं. “मी कित्याक? तुमचां भांडाण.”

पण आत्तापर्यंत एकमेकांकडे वळलेल्या सगळ्या नजरा एकदम त्यांच्याकडे वळल्या, आणि कोयते अजून कमरेला परत गेले नव्हते. नाही म्हणायला कारण एकच असू शकत होतं, आणि ते सगळ्यांना त्याच क्षणी सुचलं. देसायांनाही ते कळलं. त्यांनी पत्ते दिले.

साळूने उघडले. राजा. पुन्हा राजा. वामनाचा, परशुरामाचा, कल्कीचा. जवळजवळ सगळे राजे एका माणसाच्या मुठीत, आणि खाली त्यांचे प्रधान. अंतोबांनी सुरुवात केली असती काय किंवा तिने केली असती काय, चार फेऱ्यांत डाव देसायांनी ओढला असता. दिवस की रात्र म्हणून दोन वाड्या एकमेकांची डोकी फोडत असताना पाणी पोफळीच्या बागेत गेल्यातच जमा होतं.

ती मोठ्याने हसली. “देसायांनू, एवढे राजे घेवन बसलास, आणि आमका ऊन मोजूक लावलास?”

मग पत्ते पुढे कसे खेळले गेले, हे ज्याचा तो वेगवेगळं सांगतो. एवढं खरं, की त्या डावात कुणाकडेच गुपित उरलं नव्हतं. अंतोबांकडे काय आहे ते साळूला पाठ, देसायांकडे काय आहे ते अंतोबांना पाठ. त्या दोघांनी एकमेकांविरुद्ध एकही पत्ता टाकला नाही, म्हणे. देसाई साळूच्या हातातले आपलेच राजे ओळखत होते आणि तरी त्यांच्याखाली दबत गेले. शेवटी त्यांच्यापुढे एकही हात नव्हता. साळू आणि अंतोबा यांच्यात जास्त कोणाचे झाले? तातू गुरव सांगतात, ते कुणी मोजलंच नाही. देसाई पेटी न घेताच उठले.

लोक तिथेच पारावर लवंडले. पाणी कुणाचं हे अजून ठरलेलं नव्हतं, आणि ठरवायचं कसं हेही कुणाला कळत नव्हतं. पहाटे साळूला जाग आली. झोप तिला तशीही कमीच. ती पायऱ्या उतरून तोंड धुवायला खाली गेली आणि पाय पाण्यात पडला.

जिथे नुसता खळगा होता तिथे पाणी उभं होतं. दोन्ही पाट चिखलाने बंद. चिखलाची ती भिंत खळग्याच्या खालच्या तोंडावर अशी आली होती की ओहोळाची वाटही तिने अडवली होती. एरवी रोज रात्री खाडीकडे जाणारं पाणी पहिल्यांदाच गावात थांबलं होतं. कुणी म्हणतं, ग्रामदेव रवळनाथाने झरा मोठा केला. कुणी म्हणतं, पाणी तेवढंच होतं, थांबायला शिकलं. पण ते दोन्ही वाड्यांना पुरलं, आणि वायंगण दोन्हीकडचं पिकलं, यात कुणाचा वाद नाही. त्या रात्रीच्या दिव्यावरूनच ते दिव्याचं तळं झालं.

साळूने तिथे उभं राहूनच शपथ घेतली, असं सांगतात. या पारावर दिवा लागला की हात ज्याचा त्याच्याकडे राहायचा नाही. कोणताही खेळ असो, कुणीही बसलेला असो. अंतोबांनी ती आधी उचलली, मग गावाने. घाडीने तिचं खोपट स्वतः नव्या गवताने शाकारलं. पुढे गंजिफा गेले, बावन्न पानांचे पत्ते आले, नवे खेळ आले. शपथेला खेळाचं नाव नव्हतं, म्हणून ती सगळ्यांना लागू झाली. मोठमोठ्या शहरांत माणसांना एकमेकांच्या हातात काय आहे हे आयुष्यभर कळत नाही, आणि इथे एका उतावळ्या बाईने ते रोज संध्याकाळी कळायची सोय करून ठेवली.

तातू गुरव इथे थांबले, कारण डोंगराची सावली पारापर्यंत आली होती. त्यांनी वात सारखी केली. तिकडे हर्डीकर ताठ झाले. त्यांची रमी एका पानावर आली होती, चौकटची नव्वी, आणि शेवंतीने ओढलं की पुढची पाळी त्यांचीच होती. “गुरवकाका, एक मिनिट! एकच पान!” ते म्हणाले.

दिवा लागला.

आजही तो लागला की पारावर पत्ते पालथे होण्याचा एक सपसप आवाज होतो, एकाच वेळी, सगळ्या डावांत. वरच्या वाडीतले, खालच्या वाडीतले, आमदार येऊन बसला तर आमदार, सगळे उजवीकडे हात करतात. खाली तळ्यात झरा पडत असतो आणि दोन्ही पाट वाहत असतात. हर्डीकरांनीही हात केला. न करून सांगतात कुणाला? त्यांचे जुळवलेले पत्ते उजवीकडच्या शेवंती मेस्त्रिणीने उचलले, पुढचं पान ओढलं, चौकटची नव्वी तिलाच आली, आणि तिने सगळे उताणे मांडले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली,

“तोंड पाडू नकात ओ. तुमचे पत्ते खंय लांब गेले नाय, बाजूकच असत.”